दुनळी, पाणलावा आणि माळढोक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इ.स. १६१२मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात एक अजब पक्षी दाखल झाला. मुकर्रबखान नावाचा त्याचा सरदार गोव्याला गेला होता. पोर्तुगीजांकडे जे जे अपूर्व दिसेल ते ते, किमतीकडे न पाहता, घेऊन यावं असा त्याला हुकूम होता. त्याने आणलेल्या चीजवस्तूंत हा पक्षी होता. लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. मोरासारखाच पिसारा फुलवून नाचणारा. आणि डोक्या-गळ्याच्या उघड्या कातडीचा रंग सरड्यासारखा बदलणारा. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं बारकाईने वर्णन केलं आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी होता टर्की. मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला.

हा जहांगीर स्वतः जातिवंत शिकारी. शिकारीचा हिशेब ठेवायला त्याने कारकून नेमले होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपण स्वतःच्या हाताने १७,१६७ प्राणी मारले, असं तो नोंदवतो. त्यांत १३,९६४ पक्षी. पण टर्कीवर त्याने बंदूक उचलली नाही, चित्रकाराला बोलावलं. पुढेही हिंदुस्थानात टर्की रानात कधी वसलीच नाही. ती राहिली खुराड्यात आणि नाताळच्या मेजावर.

अमेरिकेत मात्र रानटर्कीची शिकार हा मोठा शौक आहे. तिथले काही हौशी लोक शंभर-शंभर वर्षांच्या जुन्या दुनळी बंदुका तेल-पाणी करून सांभाळतात. वसंतात पहाटे झाडाच्या बुंध्याला टेकून बसतात आणि मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला टप्प्यात बोलावतात. हे वाचल्यावर माझ्या मनात प्रश्न आला की, अशी दुनळी घेऊन आपल्याकडचे लोक कोणत्या पक्ष्यामागे जात होते? आणि त्या पक्ष्याचं पुढे काय झालं?

मी कल्याणचा. त्यामुळे शोध कल्याणपासूनच सुरू केला, आणि गंमत अशी की, उत्तर एका रस्त्याच्या दोन टोकांना सापडलं. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाट चढून, ओतूर, आळेफाटा करत नगरला जाणारा हा रस्ता. शेजारचा नाणेघाट धरला तर ही वाट सातवाहनांच्या काळापासूनची. तिच्या खालच्या टोकाला खाडी, भातखाचरं आणि चिखल. वरच्या टोकाला दख्खनचा कोरडा, गवताळ माळ. खाली पाणलावा, वर माळढोक. एक जेमतेम शंभर ग्रॅमचा, दुसरा बारा-चौदा किलोपर्यंत जाणारा. दोघांवरही एकच हत्यार चाललं, ते म्हणजे दुनळी.

तेव्हा आधी हत्याराबद्दल. ज्याला आपण ‘बारा बोअर’ म्हणतो त्या बाराचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. नळी आतून गुळगुळीत, रायफलीसारखे आटे नसलेली. तिच्यातून एक गोळी नव्हे, तर छऱ्यांचा फवारा सुटतो. पाणलाव्यासाठी आठ नंबरचे बारीक छरे. औंसभरात साडेचारशेच्या आसपास बसतात. बदकाला पाच-सहा नंबर. माळढोकासारख्या थोराड पक्ष्याला त्याहून कितीतरी जाड. टप्पा म्हणाल तर पस्तीस-चाळीस वार. त्यापलीकडे फवारा इतका पसरतो की पक्षी त्याच्या भोकांतून निघून जातो.

नळ्या दोन कशाला? उडत्या पक्ष्यावर पहिला बार चुकला तर पुन्हा भरायला वेळ नसतो, म्हणून. त्यातही कारागिरांनी एक खुबी ठेवली होती. उजवी नळी तोंडाशी मोकळी, डावी किंचित आवळलेली. पक्षी जवळ असताना उजवीचा मोकळा फवारा, तो लांब जाऊ लागला की डावीचा घट्ट. दोन नळ्यांना दोन चाप. बोट पुढच्या चापावरून मागच्यावर सरकायला निमिष पुरे. सुरुवातीच्या बंदुका ठासणीच्या. तोंडातून दारू, बोळा, छरे ठासायचे आणि चकमकीच्या ठिणगीवर भरवसा ठेवायचा. मागून मोडणारी, काडतुसाची बंदूक १८६०नंतर रुळली. १८७५मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे आत दडवलेल्या बंदुकीचं पेटंट घेतलं. आज जगभर जी जुनी दुनळी दिसते, ती बहुतेक याच घडणीची. आपल्याकडे तंबाखूचा बार भरतात, बोलघेवड्याचा बार फुसका निघतो. हे बार ठासणीच्या बंदुकीतूनच आपल्या तोंडात आले असावेत, असा माझा तर्क आहे.

माझ्या आजोबांकडे अशी एक दुनळी होती. मुरबाड रस्त्यावरच्या गावात त्यांची भातशेती, आणि रानडुकरांचा उपद्रव. बंदूक बर्मिंगहॅमची, तिसऱ्या-चौथ्या हाताची. नळ्यांवर पाण्यावरच्या तेलासारखी नक्षी दिसे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या त्या ‘दमास्कस’ नळ्या. दिसायला देखण्या, पण नव्या बिनधुराच्या दारूचा जोर त्यांना सोसत नाही, म्हणून आजोबा काडतुसं जपून निवडत. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई आणि निकालानंतर गोणपाटात गुंडाळून परत येई. आम्हा मुलांना मतदानाची चाहूल अशी लागायची.

आता कल्याणकडे. १८५३च्या एप्रिलात पहिली गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोचले. त्याआधी पडाव, घोडे, पालख्या करत यावं लागे. आता मुंबईचा साहेब सकाळच्या गाडीने निघून दुपारच्या जेवणाआधी भातखाचरात उतरू शकत होता. पाणलावा हा हिवाळी पाहुणा. सप्टेंबरपासून उत्तरेकडून उतरतो आणि ओल्या चिखलात लांब चोच खुपसून किडे-गांडुळं शोधतो. अंगावर वाळक्या पेंढ्याचे रंग असे काही मिसळलेले असतात की, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. मग एकदम कर्कश ओरडून उठतो आणि नागमोडी, आडवातिडवा उडतो. चार माणसं खाचरातून हारीने चालायची, मधे बंदूकवाले. कापणीनंतरच्या घोटाभर चिखलात तोल सांभाळत, बंदूक खांद्याला लावून, त्या वळणांच्या पुढे नेम धरायचा. सरळ नेम धरणारा हमखास चुकतो.

म्हणूनच पाणलावा मारणारा तो खरा नेमबाज, अशी ख्याती झाली. इंग्रजीत पाणलाव्याला ‘स्नाइप’ म्हणतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अफसर या शिकारीसाठी जो शब्द वापरू लागले, त्यातूनच लपून अचूक गोळी घालणाऱ्या सैनिकाचं ‘स्नायपर’ हे नाव निघालं. आज कोणत्याही युद्धाच्या बातमीत येणारा हा शब्द भाताच्या चिखलातून उठला आहे.

गावकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रकार अगम्यच असणार. शंभर ग्रॅमच्या पाखरासाठी कोण एवढी दारू जाळतो? आमच्याकडचा कातकरी बेचकीने किंवा फाशाने पाखरू धरतो, ते कालवणासाठी. साहेबाच्या शिकारीत त्याचं काम हारीत चालायचं, पडलेलं पाखरू शोधून आणायचं आणि संध्याकाळी हातावर पडेल ते घ्यायचं.

घाट चढून वर गेलं की चित्र पालटतं. नगरच्या माळावर चिखल नाही, आडोसा नाही. गुडघाभर गवत, मधेच बोराटी, आणि क्षितिजापर्यंत उघडं रान. तिथे माळढोक मीटरभर उंच मान काढून उभा असे. टर्कीशी त्याची तुलना ओढूनताणून केलेली नाही. ऑस्ट्रेलियात माळढोकाचा सख्खा भाऊबंद आहे, एकाच कुळीतला. आणि तिथले लोक त्याला ‘माळरानातली टर्की’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. मोठा, जमिनीवर चालणारा, मांसाला उत्तम. बाबराने तर आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की, कुठल्या पक्ष्याची तंगडी चांगली लागते, कुठल्याची छाती. पण या पक्ष्याचं सगळंच मांस चविष्ट. बादशहाची ही शिफारस पक्ष्याला महागात पडली असं म्हणत नाही, पण साहेबांच्या मेजावर त्याला मान होता खरा.

पेशवाईच्या अखेरच्या दशकापासून कंपनी सरकारच्या पहिल्या दशकापर्यंत, म्हणजे १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत, आर. मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने नगर भागात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद पक्षिशास्त्राच्या लिखाणात आहे. नऊशे एकसष्ट! वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस. आणि तेही ठासणीच्या बंदुकीने. काडतूस अजून पन्नास वर्षं दूर होतं. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी करणारा कर्नल साइक्स १८३२च्या सुमारास लिहितो की, एका गृहस्थाने असे हजार पक्षी मारले. हे दोघे एकच असावेत, असं मला वाटतं. एवढी बारीक मोजदाद ठेवून पक्षी मारणारे दोन दोन गृहस्थ एकाच माळावर असतील, हे पटत नाही.

उघड्या माळावर चाळीस वारांपर्यंत पोचायचं कसं, हा खरा प्रश्न होता. माळढोक माणसाला अर्ध्या कोसावरून ओळखतो. पण बैलगाडी त्याच्या रोजच्या ओळखीची. म्हणून शिकारी गाडीत आडवा पडे. गाडीवान गाडी थेट पक्ष्याकडे न नेता त्याच्याभोवती गोल फिरवत राही, प्रत्येक फेरीला वर्तुळ थोडं लहान करत. पक्षी मान वर करून बघायचा, पुन्हा चरायचा. एखाद्या फेरीला गाडी न थांबवता शिकारी पलीकडच्या बाजूने उतरून बैलांच्या आडोशाने चाले. मग दुनळीचे दोन बार. चौदा किलोचा पक्षी उडायला वेळ घेतो. नागमोडी वळणं त्याला जमत नाहीत. कौशल्य सगळं गाडीवानाचं होतं, असं माझं मत. नोंदवहीत नाव मात्र बंदूकवाल्याचं.

इथे जीवशास्त्राची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण सगळी पुढची कथा तिच्यावर उभी आहे. रानटर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच, तेही उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला. टर्की रात्री झाडावर बसते. माळढोकाला मागचं बोटच नाही, त्यामुळे फांदी धरता येत नाही. कोल्हा, कुत्रा, गुरांचे खूर, सगळ्यांच्या वाटेत त्याचं अंडं. अशा पक्ष्याच्या वीस वर्षांत हजार माद्या-नर कमी झाले, तर ती तूट भरून निघायला किती पिढ्या लागतील?

तरीही गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत माळढोक टिकला. याचं एक कारण म्हणजे बंदुका थोड्या हातांत होत्या. १८७८मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायला परवाना लागू लागला. गोऱ्यांना सूट होती. हा वर्णभेद नियमांतून जायला १९२० उजाडलं. काँग्रेसने आरंभापासून या कायद्यावर टीका केली ती मुख्यतः मानहानीच्या मुद्द्यावर, आणि ती योग्यच होती. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, संस्थानिक, जमीनदार आणि साहेब एवढेच लोक दुनळी बाळगून होते.

बाकीच्यांची शिकार कुठे बसवायची, याचं उत्तर सरकारने वेगळंच दिलं. सोलापूर, अकोला भागातले फासेपारधी पिढ्यान् पिढ्या घोड्याच्या केसांचे फासे लावून तित्तिर, लावे धरत. त्यांना कुठल्या गवतात कुठला पक्षी, त्याची पायवाट कोणती, तो कुठल्या वेळी कुठल्या बाजूला तोंड करून चरतो, सगळं पाठ. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्याला लागू झाला आणि पारध्यांची हजेरी पोलिसांच्या वहीत लागू लागली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२मध्ये. लोकांच्या मनातून अजून पुसायचा आहे. हजार माळढोक मारणारा ‘स्पोर्ट्समन’ आणि चार तित्तिर धरणारा ‘गुन्हेगार’, हा हिशेब त्या काळच्या शिकारीच्या गोष्टी वाचताना मला सारखा खटकतो.

पण एवढं म्हणून शिकाऱ्यांना मोडीत काढता येत नाही. आज त्या पक्ष्यांविषयी जे काही माहीत आहे, ते पुष्कळसं त्यांनीच लिहून ठेवलं. ह्यूम आणि मार्शल या जोडीने १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानच्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही दोन आपली माणसं होती; बाकीच्या सभासदांत शिकारीचे शौकीन भरपूर. सलीम अलींची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली आहे. १९०८च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन हा मुलगा सोसायटीच्या दारात गेला आणि पक्षिशास्त्रज्ञ झाला. आपण पक्षी मारले, अभ्यासासाठी मारले, हे त्यांनी १९८५च्या आत्मचरित्रातही लपवलं नाही. हेच सलीम अली माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरत होते. १९६३मध्ये मान मिळाला मोराला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बैलगाडीची जागा जीपने घेतली, आणि इथे गणित बिघडलं. लष्कराच्या भंगारातल्या जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या. माळावर रस्ता लागत नाही. रात्री दिव्याच्या झोतात जनावर आणि पक्षी बावरून उभे राहतात. गाडीवानाने तासभर घातलेल्या फेऱ्या आता पाच मिनिटांचं काम. भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे स्वतः शिकारीत वाढलेले. त्यांनी १९६९मध्ये देशभरातल्या माळढोकांचा अंदाज केला तो सुमारे १,२६०. म्हणजे मॅन्सफील्डने एकट्याने, एका जिल्ह्यात मारले त्याहून तीनशेच जास्त, साऱ्या देशात.

१९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि माळढोक पहिल्या परिशिष्टात गेला. त्या कायद्यात किरकोळ शिकारीचे परवाने तरी शिल्लक होते. १९९१च्या दुरुस्तीने तेही संपले. परवानाधारक दुनळी त्यानंतर उरली शेतराखणीसाठी, स्वसंरक्षणासाठी आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या अतिउत्साही मंडळींसाठी, ज्याला कायद्यात परवानगी नाही. आजोबांची बंदूक त्यांच्यामागे परवाना कुणी पुढे न चालवल्यामुळे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली.

बंदूक थांबली. मग पक्षी वाढायला हवे होते. अमेरिकेत नेमकं तसंच झालं. १९३०च्या दशकात तिथल्या कित्येक राज्यांतून रानटर्की नाहीशी झाली होती. १९३७मध्ये त्यांनी बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. उरलेल्या टर्की जाळ्यात पकडून रिकाम्या रानांत नेऊन सोडल्या. आज तिथे रानटर्कींची संख्या साठ लाखांच्या आसपास सांगतात, आणि शिकारही हंगामात, परवान्याने चालूच आहे. काही मंडळी यावरून असं सुचवतात की, आपणही शिकारबंदी उठवून शिकाऱ्यांच्या पैशाने पक्षी राखावेत. मला हा युक्तिवाद माळढोकाच्या बाबतीत अजिबात पटत नाही. अमेरिकेत ओसाड पडलेल्या शेतांवर पुन्हा झाडी आली आणि टर्कीला घर मिळालं. दहा-बारा अंड्यांचा पक्षी, मोकळं घर, मग वाढायला किती वेळ? आपल्याकडे झालं उलट. बंदूक थांबली त्याच सुमाराला घरही गेलं.

माळ ही जमीन आपल्या महसुली कागदावर ‘पडीक’. पडीक म्हणजे निरुपयोगी, कुणीतरी उपयोगात आणावी अशी. १९८०मध्ये उजनी धरण पुरं झालं, कालवे आले, ज्वारीच्या आणि गवताच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला यात दोष देण्यासारखं काही नाही. दुष्काळात होरपळलेल्या माणसाने पाणी आल्यावर ऊस लावू नये असं कोण म्हणेल? उरलेल्या माळावर सरकारी वनीकरणाने झाडं लावली. माळढोकाला उघडं रान लागतं, झाडी दिसली की तो सरकतो. हिरवं करण्याच्या भरात आपण त्याला हुसकावला.

१९७९मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत नान्नजच्या परिसरासह माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, घरंदारं आली. जमीन विकायची, विहीर खणायची, तर अडचण. परिणामी जो पक्षी पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या बांधावर निर्धास्त फिरत होता, तो त्याच्या डोळ्यांत सलू लागला. २०१२च्या सुमारास हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण तोवर मन दुरावलं होतं आणि पक्षीही फारसे उरले नव्हते. वर आकाशातून विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे बाजूला. समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि इतक्या जड पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घालाव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिला आणि २०२४मध्ये तो सौम्य केला. देशात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास मानले जातात, जवळजवळ सगळे राजस्थानात. जैसलमेरजवळ सम इथे २०१९पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चाललं आहे. आपल्या महाराष्ट्रात माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आणि कल्याणचा पाणलावा? तो जगातून काही नाहीसा झालेला नाही. उत्तरेकडे त्याची वीण होते, आपल्याकडे तो फक्त उतरतो. उतरायला जागा मात्र हवी. माझ्या लहानपणी डोंबिवलीहून कल्याणला येताना गाडीच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसत. १९८३मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. खाचरांचे सर्व्हे नंबर झाले, सर्व्हे नंबरांचे प्लॉट झाले. भराव पडला की चिखल गेला, चिखल गेला की गांडूळ गेलं. तिथे कुणी एकही बार काढला नाही. साहेबांनी शंभर वर्षं दुनळ्या चालवूनही जो पक्षी दर सप्टेंबरला परत येत होता, तो डंपरच्या पहिल्या शंभर खेपांत बंद झाला.

वऱ्हाडातली एक हकिगत मात्र सांगायला हवी. माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ तणमोर. पावसाळ्यात याचा नर गवतातून सरळ वर उड्या मारतो, दिवसात शेकडो वेळा, मादीचं लक्ष वेधायला. ह्या उड्यांमुळेच तो शिकाऱ्याला सापडे, आणि ह्याच उड्यांवर दुनळीवाल्यांनी त्याला टिपला. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी अलीकडच्या वर्षांत गवताची रानं राखायला घेतली आहेत. चराई कधी थांबवायची, कुठलं गवत राखायचं, हे तेच ठरवतात. तणमोर कुठे उतरला हे शोधायला त्यांना दुर्बीण लागत नाही. पावसाची सर येऊन गेली की ते बांधावर बसतात, आणि गवताच्या शेंड्यावर काळं-पांढरं काही उसळलं की जागा वहीत टिपून ठेवतात.